‘आपल्या पिढीचे बालपण’ : भंडारा जिल्ह्यातून एक हरकत

१/ समाजमाध्यमांवर अधूनमधून एक स्मरणोत्सव भरतो. ‘स्पेस सिटी सिग्मा’, ‘इंद्रधनुष’, ‘कॅप्टन व्योम’, ‘शक्तिमान’ यांची चित्रे फिरतात आणि खाली ठरलेले वाक्य असते : ‘आपल्या पिढीचे बालपण’. यातील ‘आपल्या’ हा शब्द इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. हा धागा त्या एका शब्दाविरुद्ध आहे.

२/ मालिकांविषयी वाद नाही. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘स्टार ट्रेक’ लागत असे. १९८९ मध्ये ‘इंद्रधनुष’ आली, १९९८ मध्ये ‘कॅप्टन व्योम’. ‘शक्तिमान’ १९९७ पासून २००५ पर्यंत चालली. तुटपुंज्या साधनांत त्यांनी मुलांचे कुतूहल जागवले. प्रश्न एवढाच की, कोणत्या मुलांचे?

३/ २००१ च्या जनगणनेने याचे उत्तर दिले आहे. देशातील ३१.६ टक्के कुटुंबांकडे दूरचित्रवाणी संच होता, शहरांत ६४.३ टक्के, ग्रामीण भागात १८.९ टक्के. म्हणजे ‘शक्तिमान’ ऐन भरात असताना खेड्यांतील पाच घरांपैकी एकातही संच नव्हता. दिव्यासाठी वीज वापरणारी ग्रामीण कुटुंबे होती ४३.५ टक्के.

४/ हे आकडे देशाचे आहेत; पण भंडाऱ्यासारख्या धानपट्ट्यातील, बहुतांश लोकवस्ती खेड्यांत असलेल्या जिल्ह्याला ते परके नाहीत. पवनी, लाखांदूर, मोहाडीकडच्या गावांचे बालपण याच ‘ग्रामीण’ रकान्यात मोडते. नागपूर साठेक किलोमीटरवर असले, तरी तिथले बालपण इथले ठरत नाही.

५/ यावर नेहमीचे उत्तर येते : संच एकाचा असे, पाहत सारे गाव. यात तथ्य आहे, आणि म्हणूनच ते तपासले पाहिजे. संच कोणाच्या घरी होता? त्या ओसरीवर कोणत्या जातीच्या मुलाला बसू दिले जाई, आणि कोणाला खिडकीतूनच पाहावे लागे? रोवणीच्या दिवसांत शेतमजुराच्या मुलीला रविवारची सुटी होती काय? ‘सारे गाव’ म्हटले की हे सर्व प्रश्न एका दमात गिळले जातात.

६/ खरी विज्ञानकथा तर पडद्याबाहेर घडत होती. ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या वर्षात ‘साइट’ प्रयोगाने उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी नेली. शेजारचा मध्य प्रदेश त्यांत होता, महाराष्ट्र नव्हता. तेव्हा गोंदियासह असलेल्या भंडारा जिल्ह्याच्या वेशीपाशीच ते भविष्य थांबले.

७/ ऑगस्ट १९८३ मध्ये ‘इन्सॅट-१बी’ अवकाशात गेला आणि दूरदर्शनचा विस्तार झपाट्याने झाला. या उपग्रहामागील घोषित हेतूंत ग्रामीण शिक्षण अग्रभागी होते. १९८४ मध्ये पुण्यात ‘बालचित्रवाणी’ स्थापन झाली. शाळकरी मुलांसाठी मराठीतून शैक्षणिक कार्यक्रम तयार करणे हे तिचे काम. २०१७ मध्ये ती बंद झाली. स्मरणोत्सवात तिचे नाव क्वचितच निघते. तिच्याकडे कवच घातलेला नायक नव्हता.

८/ आणि भाषा? वर उल्लेखिलेल्या मालिका हिंदी किंवा इंग्रजी. भंडाऱ्याला हिंदी अपरिचित नाही, हे मान्य. पण झाडीबोली बोलणारे पोर अंतराळयानात कधी दिसले नाही. मराठी विज्ञानकथा जगली ती छापील पानावर. १९७४ मध्ये जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली आणि पहिले पारितोषिक मिळवले. ती कथा वाचायला अँटेना लागत नव्हता.

९/ ‘थोडी आठवण काढली तर बिघडले कुठे?’ असे विचारले जाईल. बिघडते ते असे : समाज ज्याची आठवण काढतो, तेच जपले जाते. ज्यांच्या घरी संच होता, त्यांचेच बालपण दशकाचे बालपण म्हणून नोंदले गेले, तर उरलेल्यांकडे काही नव्हते एवढेच पुढच्या पिढीला कळेल. त्यांच्याकडे काय होते, हे कोणी विचारणारही नाही.

१०/ म्हणून इतिहासाच्या तरुण अभ्यासकाने पुढच्या वेळी मालिकेचे नाव विचारू नये. लाखनी, साकोली, तुमसरकडच्या एखाद्या आजीला विचारावे : गावात पहिला संच कोणाकडे आला? तो कशावर चाले, विजेवर की बॅटरीवर? पडद्यावर मुंग्या आल्या की अँटेना फिरवायला छपरावर कोण चढे? आत कोण बसे, दारात कोण उभे राही?

११/ या उत्तरांची वही भरली, की ऐंशी-नव्वदच्या दशकांचा इतिहास लिहिता येईल. त्यात ‘शक्तिमान’ही असेल, आणि ज्या मुलीने तो कधीच पाहिला नाही, तीही असेल.

(समाप्त)