न्यूट्रलमधला आवाज

मंडळी, गाडीला नवीन आवाज यायला लागला की आपण पहिलं काय करतो? गाण्यांचा व्हॉल्यूम वाढवतो! ऑफिसात लॉगमधल्या वॉर्निंगकडे आपण असाच काणाडोळा करतो, पण तिथे फार तर रिलीज पुढे जातं. चंद्रपूर-गडचिरोलीकडे गाडी न्यायची असेल तर हे परवडत नाही. गडचिरोलीहून सिरोंचा २०० किलोमीटरच्या वर. आलापल्लीच्या पुढे जंगलच जंगल, गॅरेज विरळ, आणि मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. निघायच्या आधी एसी-गाणी बंद करून, बोनेट उघडून, दोन मिनिटं न्यूट्रलमध्ये इंजिन ऐकायचं. न्यूट्रलमध्येच का? ऑइल पंप इंजिनच्याच जोरावर फिरतो, त्यामुळे आरपीएम सर्वात कमी तेव्हा ऑइलचं प्रेशरही सर्वात कमी. त्यात चंद्रपूरचा मे महिना... तापलेलं ऑइल पातळ होतं, प्रेशर आणखी उतरतं.

मग डीबगिंग करतो तसं एकेक गोष्ट बदलून बघायचं. वरून टकटक येतेय? बहुतेक टॅपेट, आधी डिपस्टिक बघा. चिरचिर असेल तर बेल्ट किंवा पुली. बेल्ट तुटला की चार्जिंग बंद, आणि कित्येक गाड्यांत पाण्याचा पंपही त्यावरच! एसी लावल्यावरच घरघर? कॉम्प्रेसर तपासा. क्लच दाबल्यावर आवाज गेला तर संशय गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर. गाडी थरथरत असेल तर फाउंडेशन रबर गेलंय, नाहीतर एखादा सिलिंडर मिस होतोय. आणि खालून जड ठोके, सोबत ऑइलचा लाल दिवा? इंजिन तिथेच बंद करा. "गॅरेजपर्यंत तर नेतो" म्हणालात की इंजिन उतरवायची वेळ येते.

मित्र म्हणतात, "अरे, आता सेन्सर असतात, दिवा लागेल की." लागतो ना! पण झिजलेला बेल्ट आणि फाटलेलं रबर सेन्सरला सहसा कळत नाही. ऑइलचा दिवाही प्रेशर पडल्यावरच लागतो. आपला कान त्याच्या आधी सांगतो.

आणि हो, मेकॅनिकला "काहीतरी आवाज येतो हो" एवढंच सांगू नका. इंजिन थंड की गरम, एसी चालू की बंद, रेस केल्यावर वाढतो की जातो, हे सगळं सांगा. नीट बग रिपोर्ट मिळाला तर अंदाजाने पार्ट बदलायची गरज पडत नाही, आपला खिसाही वाचतो. बघा, पटतंय का.