कुत्र्याला दार उघडे होते

विद्यापीठांच्या अभिलेखागारांतील जुन्या छायाचित्रांमधून कुत्री तेवढी वेचून काढावीत, त्यांचे एक दालन मांडावे आणि पाहणाऱ्याने कौतुकाने हसून पुढे सरकावे, ही हौस आम्हांला निरुपद्रवी वाटत नाही. हिरवळीवर पाय पसरून बसलेले विद्यार्थी आणि त्यांच्यामध्ये जीभ बाहेर काढून बसलेला कुत्रा, असे चित्र समोर आले की गतकाळ आपोआप गोड होतो. जेथे कुत्र्यालाही एवढी माया मिळे, तेथे माणसांचे किती चांगले चालत असेल, असा निष्कर्ष आपण नकळत काढून मोकळे होतो. आमचे भांडण या निष्कर्षाशी आहे.

ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठाचा ‘पिग’ घ्या. (कुत्र्याचे नाव ‘डुक्कर’ ठेवणे हा तेथल्या विद्यार्थ्यांचा विनोद, एका फुटबॉलपटूच्या टोपणनावावरून ते आले.) क्रीडासंचालक थिओ बेलमाँट यांनी हे पिल्लू १९१४ साली आवारात आणले. पुढे ते वर्गांत शिरे, ग्रंथालयात हिंडे, मैदानावर तर त्याचा हक्कच होता. १९२३ च्या जानेवारीत मोटारीच्या धडकेने तो मेला. त्याचे शव अंत्यदर्शनासाठी ठेवले गेले, वाद्यवृंदासह अंत्ययात्रा निघाली, आवारातच त्याला पुरण्यात आले.

याच विद्यापीठाच्या विधिशाखेत प्रवेश मिळावा म्हणून १९४६ साली हेमन स्वेट या पदवीधराने अर्ज केला. तो टपालखात्यात काम करी. अर्ज नाकारला गेला, कारण अर्जदार कृष्णवर्णीय होता. त्याला दार उघडून द्यायला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९५० चा निकाल लागला. पदवीपूर्व वर्गांत कृष्णवर्णीय मुले बसू लागली ती १९५६ मध्ये. ज्या ग्रंथालयात कुत्रा विनापरवाना फिरत होता, त्याच्या उंबरठ्यावर विद्यार्थी म्हणून पाय ठेवायला माणसाला न्यायालयात जावे लागले. पिगची छायाचित्रे पाहताना ही तारीख आठवत नसेल, तर आपण छायाचित्र पाहिलेले नाही, कुत्रा पाहिला आहे.

टेक्सास एकटे नाही. येलमध्ये ‘हँडसम डॅन’ हा बुलडॉग १८८९ पासून सामन्यांपूर्वी मैदानावर मिरवला जाई. मेल्यावर पेंढा भरून त्याला काचेच्या पेटीत ठेवण्यात आले. तेथील पदवीपूर्व महाविद्यालयात मुलींना प्रवेश मिळाला १९६९ साली, म्हणजे ऐंशी वर्षांनी. टेक्सास ए अँड एम या लष्करी शिस्तीच्या महाविद्यालयात १९३१ साली ‘रेव्हिली’ आली. ती मादी. वाद्यपथकाबरोबर ती मैदानात उतरे आणि टाळ्या घेई. स्त्रियांना तेथे प्रवेश खुला झाला तो १९६३ मध्ये, आणि तोही मर्यादित. यावर अधिक भाष्य करण्याची गरज आम्हांला वाटत नाही.

आमच्या साहित्याच्या मंडळींचा आक्षेप ठरलेला: कुत्रा हे निष्ठेचे प्रतीक आहे, महाप्रस्थानात युधिष्ठिराबरोबर शेवटपर्यंत कुत्राच चालला. खरे आहे. पण त्या कथेत स्वर्गाचे दार कुत्र्याला बंद होते आणि माणूस त्याच्यासाठी दाराशी अडून बसला. या छायाचित्रांत दार कुत्र्याला सताड उघडे आहे, माणूस चौकटीबाहेर आहे, आणि त्याच्यासाठी अडून बसलेला युधिष्ठिर कोठे दिसत नाही. प्रतीक उचलायचे तर सबंध कथा उचलावी.

शिवाय हा विरोधाभास समजून घ्यायला मराठी वाचकाला परदेशी सिद्धान्तांची उसनवारी करण्याचे कारण नाही. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी जनावरांना वर्ज्य नव्हते, अस्पृश्यांना होते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी तेथे ओंजळ भरली, ती पिगच्या अंत्ययात्रेनंतर अवघ्या चार वर्षांनी. महाड शिकवणारे आम्ही आणि शिकणारे आमचे विद्यार्थी ऑस्टिनच्या त्या चित्रापुढे केवळ ‘गोंडस’ म्हणून थांबत असू, तर महाड आमच्याकडे फक्त प्रश्नपत्रिकेपुरते उरले आहे.

‘यात बिचाऱ्या कुत्र्याचा काय दोष?’ असे कोणी विचारील. काहीच नाही. दोष वर्णनपट्टी लिहिणाऱ्याचा आहे. तो कुत्र्याचे नाव, छायाचित्राचे वर्ष आणि मैदान नोंदवतो, आणि त्या वर्षी त्या आवारात कोणाला प्रवेश नव्हता हे मात्र सोडून देतो. चित्रात जे दिसते तेवढेच लिहायचे, हा सूचिकारांचा बचाव आम्हांला मान्य नाही. कुत्र्याचे नावही चित्रात कोठे दिसत असते? ते बाहेरून शोधून आणावे लागते. तेवढीच खटपट करून पिगच्या नावापुढे १९५० आणि १९५६ हे दोन आकडे लिहिता येतात. त्याला फार तर अर्धी ओळ लागेल.