ओढणं सोपं, थांबवणं अवघड

लाँग वीकेंड जवळ आला की आपल्यापैकी कुणाच्या तरी डोक्यात येतंच: जुनी एसयूव्ही दारात आहे, लिफ्ट किट बसवलंय, टायर मोठे घातलेत, मग मागे बोट किंवा कॅम्पर जोडायला काय हरकत आहे? माझं मत विचाराल तर, दोन गणितं केल्याशिवाय जोडू नका.

पहिलं गणित उताराचं. कोलोराडोत आय-७० वरचा आयझेनहॉवर बोगदा सुमारे ३,४०० मीटर उंचीवर आहे. तिथून पश्चिमेला सिल्व्हरथॉर्नपर्यंत साधारण १३ किलोमीटरमध्ये रस्ता ६५० मीटर खाली येतो. गाडी २,३०० किलो आणि ट्रेलर १,६०० किलो धरा. वेग वाढू द्यायचा नसेल, तर सुमारे अडीच कोटी ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागेल. एवढ्या ऊर्जेत ७५ लिटर गार पाणी उकळीला येतं! काही ऊर्जा हवा आणि टायर खातात, काही खालच्या गिअरमधलं इंजिन. उरलेली सगळी ब्रेकमध्ये उष्णता म्हणून जाते.

आता तुमचे मोठे टायर. ३१ इंचांऐवजी ३५ इंचांचे घातले, की तेवढ्याच ब्रेकचा रस्त्यावर पोचणारा जोर सुमारे ११ टक्के घटतो. त्रिज्या वाढली, जोर तोच. साधा तरफेचा नियम. इंजिनाने गाडी रोखून धरण्याची ताकदही तशीच घटते. म्हणजे दिसायला दणकट झालेली गाडी थांबायला दुबळी झालेली असते.

दुसरं गणित तोलाचं. बैलगाडीत मागे जास्त माल भरला की गाडी उलाळते, हे आपल्या आजोबांना ठाऊक होतं. ट्रेलरचंही तेच. कॅम्परच्या एकूण वजनापैकी १० ते १५ टक्के भार हिचवर हवा. तो कमी पडला, तर ठरावीक वेगानंतर ट्रेलर डावी-उजवीकडे झुलू लागतो, आणि प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा होतो. मागच्या बाजूची ४० गॅलनची टाकी भरली, तर तिथे १५० किलो वाढले हे लक्षात ठेवा.

‘पण कंपनीने क्षमता लिहून दिलीय ना?’ दिलीय, पण न बदललेल्या गाडीसाठी. शिवाय क्षमता मोजण्याची एसएई जे२८०७ ही सामायिक पद्धत २००८ साली आली. त्याआधी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने आकडा काढत असे.

तेव्हा हौस जरूर करा, पण खर्चाचा क्रम बदला. आधी ट्रेलरचे स्वतःचे ब्रेक आणि गाडीत त्यांचा कंट्रोलर, मग गिअरबॉक्सच्या तेलासाठी कूलर, आणि दिखाऊ गोष्टी शेवटी. सगळं सामान भरून ट्रक स्टॉपवरच्या काट्यावर एकदा वजन करा. आणि बोरघाटातल्या जुन्या ड्रायव्हरांचा नियम पाळा: ज्या गिअरमध्ये घाट चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा.

मागच्या सीटवर मुलं बसलेली असतात. अंदाजावर घाट उतरू नका.