वर्डमध्ये फोटो सारखा का पळतो? एंटर मारू नका, आधी हे समजून घ्या

इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षी 'ब्लॅक बुक' जमा करायच्या आदल्या रात्री मी एक ओळ वाढवली आणि सर्किटची आकृती थेट पुढच्या पानावर गेली. ती मागे आणायला एंटर दाबत बसलो, तर खालच्या आकृत्याही हलल्या. शेवटी आकृती एका पानावर आणि तिचं नाव दुसऱ्यावर, अशीच प्रिंट निघाली. तेव्हा मी वर्डला शिव्या घातल्या. पण चूक माझी होती.

नेमकं काय होतं?

वर्डमध्ये फोटो टाकला की तो सहसा 'इन लाइन विथ टेक्स्ट' असतो. म्हणजे वर्डच्या लेखी ते एक मोठं अक्षरच. पानावर मावलं नाही, की ते पुढच्या पानावर जातं. 'स्क्वेअर' किंवा 'टाइट' निवडलं तर फोटो हवा तिथे ओढता येतो, पण तो एका परिच्छेदाला बांधलेलाच असतो. शेजारी दिसणारं नांगराचं चिन्ह ही ती गाठ. तो परिच्छेद पूर्ण डिलीट केला, तर फोटोही जातो.

मग काय करायचं?

- रिपोर्टमधली आकृती: 'इन लाइन'च ठेवा. पॅराग्राफ सेटिंगमध्ये 'कीप विथ नेक्स्ट' लावा, म्हणजे आकृती आणि खालचं नाव एकाच पानावर राहतं.
- बायोडेटातला फोटो: 'स्क्वेअर' निवडून 'फिक्स पोझिशन ऑन पेज' करा.
- शेजारी-शेजारी दोन फोटो: दोन रकान्यांचं टेबल करा, बॉर्डर काढून टाका.
- फोटोची फक्त पट्टी दिसतेय: लाइन स्पेसिंग 'एक्झॅक्टली' असेल, ते 'सिंगल' करा.

माझं मत स्पष्ट आहे. आपल्याकडे कॉम्प्युटर शिकवताना 'इन्सर्ट'मध्ये जाऊन 'पिक्चर्स' निवडा, इथेच धडा संपतो. फोटो का हलतो, हे कुणी सांगत नाही. मग मुलं स्पेसबार आणि एंटरने जागा भरतात. घरी नीट दिसणारी फाइल झेरॉक्सच्या दुकानात वेगळ्या फॉन्टमुळे विस्कटते आणि ती सरळ करायचे पैसे वर द्यावे लागतात. नोकरीच्या अर्जात तर तेवढीही संधी मिळत नाही. समोरच्याला विस्कटलेलं पानच दिसतं.

हा धडा दहा मिनिटांचा आहे. तो शिकवायलाच हवा. तोवर एक सवय लावून घ्या: फाइल पाठवण्याआधी पीडीएफ करा आणि ती एकदा उघडून बघा.