जुन्या मोटारीचे दिवे

रात्री प्रवास करताना समोरच्या गाडीचा पांढराशुभ्र झोत डोळ्यांवर आला आणि क्षणभर काहीच दिसेनासे झाले, असे तुमच्या बाबतीत कधी घडले आहे का?

आमच्या शेजारच्या चाचांकडे एक जुनी प्रीमियर पद्मिनी आहे. या मोटारी मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनत असत. मागच्या हिवाळ्यात आम्ही दोघे दारव्ह्याहून यवतमाळला परतत होतो. कापसाचा हंगाम होता. समोरून आलेल्या एका गाडीने आमचे डोळे दिपवले. चाचांनी वेग कमी केला म्हणून बरे! ती गाडी निघून गेली तेव्हा आमच्या पुढे वीस पावलांवर कापसाने भरलेली बैलगाडी चालली होती. तिच्या मागे ना कंदील, ना लाल काच.

घरी आल्यावर चाचा म्हणाले, "आपले दिवे फार मंद आहेत. उद्याच त्या गाडीसारखे एलईडी बल्ब बसवून घेतो."

मला हे पटले नाही. ज्या उजेडाने आपल्याला आंधळे केले, तोच आपण पैसे देऊन घरी आणायचा?

विज्ञानाच्या पुस्तकात तुम्ही अंतर्वक्र आरसा पाहिला असेल. मोटारीच्या दिव्यात मागे तसाच आरसा असतो. हॅलोजन बल्बची बारीक तार त्या आरशासमोर ठरलेल्या जागी येते, म्हणून झोत नीट रस्त्यावर पडतो. त्याच बल्बमध्ये डिपरसाठी दुसरी तार असते. तिच्याखाली धातूची छोटीशी वाटी असते. वर जाणारा उजेड ती अडवते. एवढ्याशा वाटीवर समोरच्या माणसाचे डोळे अवलंबून असतात! अशा दिव्यात एलईडी बल्ब घुसवला, तर प्रकाश नेमका त्याच जागेवरून निघेल याची खात्री नसते. मग तो वर आणि बाजूला पसरतो. आपल्याला सगळे लख्ख दिसते, पण समोरच्याला काहीच दिसत नाही. एलईडी वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. नव्या गाड्यांत त्याच्यासाठी दिवाच वेगळा बनवलेला असतो.

काही जण ६०/५५ वॅटच्या बल्बऐवजी १०० वॅटचा बल्ब लावतात. आता गणित करा. १२ व्होल्टवर १०० वॅट म्हणजे एका बल्बला आठ अँपिअरहून जास्त वीज. तीस वर्षांच्या जुन्या वायरी तापतात, बटण जळते, आरशाची चकाकी जाते.

मग मंद उजेडावर उपाय काय? गॅरेजमधल्या उस्तादांनी मीटर लावून दाखवले. बॅटरीजवळ पूर्ण व्होल्टेज होते, पण बल्बपर्यंत पोचताना ते बरेच घटत होते. व्होल्टेज दहा टक्के घटले, की हॅलोजनचा उजेड सुमारे तीस टक्के कमी होतो. दोष बल्बचा नव्हताच! उस्तादांनी गंजलेले अर्थिंग घासून साफ केले. बॅटरीपासून फ्यूज आणि रिले लावून जाड वायर टाकली. काळवंडलेले आरसे बदलले. मग गाडी सपाट जागी भिंतीपासून दहा मीटरवर उभी केली आणि डिपरच्या उजेडाची वरची कड दिव्याच्या उंचीपेक्षा सुमारे दहा सेंटिमीटर खाली आणली. हे शेवटचे काम बहुतेक लोक करतच नाहीत. खरे तर ते फुकटात होते.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये दोन्ही गोष्टी सांगितल्या आहेत. पुढचे १५५ मीटरपर्यंत स्पष्ट दिसले पाहिजे आणि समोरच्याचे डोळेही दिपता कामा नयेत. लोक पहिली अट लक्षात ठेवतात, दुसरी विसरतात. "समोरचा डिपर देत नाही, मग मी का देऊ?" असेही विचारतात. अरुंद रस्त्यावर दोन आंधळे चालक एकमेकांकडे येत असतील, तर त्यात कोणाचा फायदा आहे?

दिवे केवळ आपल्याला दिसावे म्हणून नसतात, आपण दुसऱ्याला दिसावे म्हणूनही असतात. चाचांच्या गाडीचा मागचा एक लाल दिवा बंद होता, हे चाचांना माहीतच नव्हते. बसल्या जागेवरून मागचा दिवा कोणाला दिसतो? तुमच्या घरी गाडी असेल, तर आज संध्याकाळी एकाला ब्रेक दाबायला सांगा आणि तुम्ही मागे उभे राहून पाहा. घरी बैलगाडी असेल, तर तिच्या मागच्या फळीवर लाल चमकणारी पट्टी चिकटवा. सायकलच्या दुकानात ती मिळते.

चाचांची एक तक्रार मात्र अजून आहे. त्यांच्या गाडीचा उजेड पिवळाच दिसतो म्हणे! तो पिवळा आहे, हे खरेच आहे.