पेपरवाले पिल्लू आणि त्याचा बाप

कुत्र्याचे पिल्लू विकत घ्यायला गेलेल्या माणसाला बहुधा दोन भाव सांगितले जातात. एक पेपरवाल्या पिल्लाचा, दुसरा बिनपेपरवाल्याचा. पेपर म्हणजे केनेल क्लबचे नोंदणी प्रमाणपत्र. त्यावर आई, बाप, आजे, पणजे यांची नावे असतात आणि भावातला फरक हा त्या नावांचा असतो. पण ही नावे क्लबला कळवतो कोण? पिल्ले विकणाराच. मादी कोणत्या नराला कधी दाखवली, पिल्ले किती झाली, हे ब्रीडर अर्जात लिहितो, नराचा मालक सही करतो आणि वंशावळीत आणखी एक ओळ वाढते. बहुतेक ब्रीडर खरेच लिहीत असतील. पण एखाद्याने खोटे लिहिले तर ते पकडण्याची सोय त्या कागदात नाही.

आणि चूक व्हायला लबाडीच लागते असेही नाही. मादीचा माज साधारण तीन आठवडे चालतो. त्या काळात कुंपण ओलांडून आलेला शेजारचा नर मालकाला दिसलेलाही नसतो. एकाच वेतातल्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात, हे तर अनेक हौशी पाळणाऱ्यांना ठाऊकच नसते. मालक प्रामाणिकपणे एकाच नराचे नाव लिहितो आणि निम्मी पिल्ले चुकीच्या घराण्यात जातात. पुढे त्यांची पिल्ले, मग त्यांची.

डीएनए चाचणी हा गुंता सोडवू शकते आणि तिचे तर्कशास्त्र सोपे आहे. गालाच्या आतल्या बाजूने कापसाचा बोळा फिरवून पेशी घ्यायच्या आणि जनुकसंचातल्या ठरावीक जागा वाचायच्या. प्रत्येक जागी पिल्लाला एक प्रत आईकडून आणि एक बापाकडून मिळालेली असते. आईची बाजूला काढली की उरलेली बापाकडे सापडलीच पाहिजे. अनेक जागी ती सापडली नाही, तर कागदावरचा नर बाप नाही, हे ठामपणे सांगता येते. ‘हाच बाप’ हे मात्र तितक्या ठामपणे सांगता येत नाही. संशयित नर सख्खे भाऊ असतील तर जास्त जागा तपासाव्या लागतात. कुत्र्यांच्या काही जातींत सगळेच नर एकमेकांचे जवळचे नातलग असतात, त्यामुळे ही अडचण कल्पनेतली नाही.

चाचणीचा खरा कच्चा दुवा प्रयोगशाळेत नसतोच. बोळा कोणत्या कुत्र्याच्या तोंडात फिरवला, याला साक्षीदार कोण? ब्रीडरने घरीच नमुना घेऊन टपालाने पाठवायचा, तर अर्जावर विश्वास ठेवणे आणि पाकिटावर ठेवणे यांत फारसा फरक राहत नाही. पिल्लू नुकतेच आईचे दूध प्यायलेले असेल तर बोळ्यावर आईच्याही पेशी येतात. म्हणून नमुना पशुवैद्यकाने घ्यावा आणि त्याच वेळी कातडीखालच्या मायक्रोचिपचा क्रमांक वाचून लिहावा, हे चाचणीइतकेच महत्त्वाचे. कुत्र्यांच्या पैदाशीसाठी भारतात २०१७ मध्ये आलेल्या नियमांनुसार ब्रीडरची नोंदणी, कुत्र्यांची मायक्रोचिप आणि नोंदवह्या बंधनकारक आहेत. आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकायला मनाई आहे. हे नियम प्रत्यक्षात किती पाळले जातात, ते गल्लोगल्लीच्या पेट शॉपमध्ये डोकावले की कळते.

अमेरिकन केनेल क्लबने २००० सालापासून एक मधला मार्ग काढला. सगळ्यांना सक्ती नाही. पण ज्या नरापासून आयुष्यात सात वा अधिक वेते झाली, किंवा एका वर्षात तीनपेक्षा जास्त झाली, त्याचा डीएनए क्लबकडे असलाच पाहिजे. नेम अचूक होता. मादीची पिल्ले मोजकीच असतात, नराची शेकड्यांनी असू शकतात. त्यामुळे एका नराच्या नावातली चूक सर्वांत दूर पसरते. शर्यतीच्या घोड्यांच्या जगात तर हा वाद केव्हाच मिटला. तिथे आधी रक्तगट तपासत, मग डीएनए आला. आईबापाशी जुळल्याखेरीज थरोब्रेड शिंगरू स्टड बुकात चढत नाही, आणि भारताची ही वही पुण्यातून सांभाळली जाते. घोड्यावर लोकांचे पैसे लागलेले असतात, म्हणून तिथे घाई झाली. कुत्र्याच्या बाबतीत फसतो तो एकटा खरेदीदार. शिवाय नोंदणी शुल्क हे क्लबांच्या उत्पन्नाचे मोठे साधन. वही कडक केली तर नोंदी कमी होणार, हे कोणत्याही खजिनदाराला समजते.

तर मग चाचणी सक्तीची करा, असे म्हणून मोकळे होता येईल का? डाल्मेशियनची हकीकत वाचली की थोडे थबकावे लागते. या ठिपकेवाल्या कुत्र्यांच्या लघवीत यूरिक आम्लाचे प्रमाण फार असते, खडे होतात आणि नरांची लघवी तुंबून जीवावर बेतते. कारण एका जनुकातला बदल. तो या जातीत इतका भिनला की शुद्ध वंशाच्या कुत्र्यांमध्ये निरोगी प्रत उरलीच नाही. अमेरिकेतले जनुकशास्त्रज्ञ रॉबर्ट शायबल यांनी १९७३ मध्ये एका पॉइंटर कुत्र्याशी एकदाच संकर घडवला आणि पुढच्या प्रत्येक पिढीची जोड पुन्हा डाल्मेशियनशीच लावली. १९८१ पर्यंत दिसायला पक्के डाल्मेशियन, पण निरोगी प्रत टिकून असलेले कुत्रे तयार झाले. क्लबने त्यांतल्या दोघांची नोंद केली, जातीच्या अभिमान्यांनी गदारोळ केला आणि दार बंद झाले. दोषी जनुक २००८ मध्ये सापडले. ब्रिटनने २०१० मध्ये आणि अमेरिकेने २०११ मध्ये या वंशाला जागा दिली. मधली तीस वर्षे वंशावळ बिनचूक होती, आणि तीच राखायची म्हणून खडे होणारी पिल्ले जन्माला येत राहिली.

बाप खरा असणे आणि पिल्लू निरोगी असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठाच्या डॅनिका बनाश आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये २२७ जातींचा अभ्यास प्रसिद्ध केला. या जातींत अंतःप्रजननाचे सरासरी प्रमाण सुमारे २५ टक्के निघाले. म्हणजे सख्ख्या भावंडांच्या जोडीतून झालेल्या संततीइतके. पितृत्वाची चाचणी अशा जातीत कडक केली आणि वही मात्र बाहेरच्यांना बंदच ठेवली, तर ती चाचणी बंद खोलीला आणखी एक कुलूप लावते. उलट, कागदावर परके दिसणारे नर-मादी प्रत्यक्षात जवळचे नातलग असल्याचे हीच चाचणी दाखवून देऊ शकते, आणि जोड लावायच्या आधीच. तिचा हा उपयोग ब्रीडरच्या जाहिरातीत क्वचितच दिसतो.

भारतात आणखी एक घोटाळा होतो. ‘डीएनए केला’ म्हटले की लोकांना वाटते जात सिद्ध झाली. पितृत्वाची चाचणी जात सांगत नाही. दोन गावठी कुत्र्यांच्या पिल्लाचा बापही ती तितक्याच अचूकपणे सांगेल. जात ओळखणारी चाचणी वेगळी. त्या जातीचे पुरेसे नमुने आधी साठवलेले असतील तरच तिला अर्थ. मार्च २०२४ मध्ये केंद्राने २३ जाती आणि त्यांच्या संकरांच्या विक्री-पैदाशीला परवानगी देऊ नका, असे राज्यांना कळवले. ते परिपत्रक एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने रद्द केले. पण संकर कशाला म्हणायचे आणि तो ओळखायचा कसा, हा प्रश्न कायम आहे.

तो सर्वांत जास्त लागू होतो आपल्या कारवानीला आणि मुधोळला. घटप्रभेकाठच्या मुधोळ संस्थानाचे नाव मिरवणारा आणि दक्षिण महाराष्ट्राच्या माळरानावर ‘कारवानी’ म्हणून ओळखला जाणारा हा सडपातळ शिकारी कुत्रा. २००५ मध्ये तो टपाल तिकिटावर आला, ऑगस्ट २०२० मध्ये ‘मन की बात’मध्ये त्याचा उल्लेख झाला. नाव झाले की भाव वाढतो, आणि भाव वाढला की कोणतेही लांब तोंडाचे पिल्लू मुधोळ म्हणून विकले जाते. वेगासाठी ग्रेहाउंडचे रक्त मिसळल्याची तक्रार जाणकार करतातच. इथे वंशावळ बहुतांशी कागदावर नाहीच; ती धनगराच्या आणि शेतकऱ्याच्या तोंडी आहे. ‘अमक्याच्या तांबड्या कुत्रीची पिल्ले’ एवढी ती नोंद, आणि पुष्कळदा ती पेपरपेक्षा खरी.

इथे उद्याच चाचणीची सक्ती केली तर शहरातला ब्रीडर शुल्क भरून वहीत बसेल आणि माळावरचा जुना वंश बाहेर राहील. म्हणजे जो जपायचा तोच गळेल. आधी वाड्या-वस्त्यांवर जाऊन, मालकाकडून पैसे न घेता, पशुवैद्यकाच्या हातून नमुने आणि तोंडी वंशावळी एकत्र जमवाव्या लागतील. मुधोळजवळच्या तिम्मापूरला कर्नाटकच्या पशुवैद्यक विद्यापीठाचे श्वान संशोधन केंद्र आहे, कर्नालला देशी पशुजातींची नोंद करणारी राष्ट्रीय संस्था आहे. कुत्रा मात्र राज्याची सीमा मानत नाही, त्यामुळे जत-सोलापूरच्या बाजूचे नमुनेही त्याच वहीत यायला हवेत. चाचणीची सक्ती सुरू करायची तर ज्यांच्याकडे लांबून माद्या आणल्या जातात आणि ज्यांचे मालक जोडीमागे शुल्क घेतात, त्या मोजक्या नरांपासून करता येईल. त्यांच्या मालकांना ती परवडते, आणि पुढच्या पाच वर्षांतली सर्वाधिक पिल्लेही त्यांचीच असणार आहेत.