खारबांधावर शाळा भरवा

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
रायगड जिल्हा परिषद, अलिबाग

महोदय,

५ जूनच्या निमित्ताने जिल्ह्यातल्या शाळाशाळांत पर्यावरण दिन होतो. रोप लागते, शपथ होते, फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर जातो. पेण-अलिबागच्या खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या भातशेतीच्या पट्ट्यात, नेमक्या त्याच दिवसांत शेतकरी बांधावरून फिरत असतात. उघाडीचे दार नीट मिटते का, चिंबोऱ्यांनी बिळे कुठे पाडली आहेत, मागच्या उधाणात बांधाचे दगड कुठे सरकले, हे पाऊस लागण्याआधी बघावेच लागते. शाळा बांधापासून हाकेच्या अंतरावर असली तरी या दोन कामांची सहसा गाठ पडत नाही. ती घालून देणे आपल्या अखत्यारीत आहे, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

कार्यक्रमांची आपल्याकडे वानवा नाही. राष्ट्रीय हरित सेना शाळांत २००१-०२ पासून आहे. जलयुक्त शिवार २०१४ च्या अखेरीस आले आणि २०२३ मध्ये त्याचा दुसरा टप्पा सुरू झाला. ‘माझी वसुंधरा’ २ ऑक्टोबर २०२० पासून ग्रामपंचायतींना कामाचे गुण देत आहे. सगळ्यांचे हेतू चांगले आहेत. अडचण अशी की मृद व जलसंधारणाच्या बहुतेक योजनांचा साचा घाटावरचा आहे: पाणी अडवा, पाणी जिरवा. खारेपाटात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि पलीकडे खाडी असते. इथे खाडीचे पाणी बाहेर ठेवायचे, पावसाचे पाणी शेतात खेळवून जमिनीतले मीठ धुऊन काढायचे आणि ते खारट पाणी ओहोटीला बाहेर सोडायचे, असे तिहेरी काम असते. घाटावर नियोजन पाणलोटाप्रमाणे होते. किनाऱ्यावर ते बांधाप्रमाणे व्हायला हवे. एका खारबांधाच्या आत येणारी जमीन, तिच्या उघाड्या, तिच्यावर जगणारी गावे आणि त्या गावांतल्या शाळा हे एक क्षेत्र धरा, आणि शिक्षणाचे व संवर्धनाचे सगळे कार्यक्रम त्या क्षेत्रावर एकत्र आणा. माझी मागणी एवढीच आहे.

उघाडी ज्यांनी जवळून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. उघाडी म्हणजे बांधातली पाणी सोडायची मोरी. तिचे दार खाडीच्या बाजूने टांगलेले असते. भरती चढली की खाडीचेच पाणी ते दाबून धरते. सुकती लागली की आतल्या पाण्याच्या रेट्याने ते उघडते आणि शेतातले पाणी निघून जाते. मोटर लागत नाही, वीज लागत नाही. पण दाराच्या फटीत एखादा ओंडका अडकला तर रात्रीच्या भरतीला खारे पाणी सरळ भातात येते. पाण्याचा दाब विज्ञानाच्या पुस्तकात आकृती काढून शिकवावा लागतो. इथे तो गावाच्या वेशीवर दिवसातून दोनदा काम करताना दिसतो. अमावास्या-पौर्णिमेचे उधाण, अष्टमीचा भांग, बांधाला खांड (भगदाड) का पडते, खांड पडल्यावर एका पिकाचे नुकसान होऊन भागत का नाही आणि मुरलेले मीठ धुऊन निघायला पुढचे काही पावसाळे का लागतात, हे सगळे तिथेच उभे राहून शिकता येते.

हे ज्ञान नवे नाही. कुलाबा जिल्ह्याच्या १८८३ च्या गॅझेटिअरमध्ये शिलोत्री पद्धतीची नोंद आहे: खाजण बांधून लागवडीखाली आणायचे आणि त्या बांधाची जबाबदारी वागवायची. पुढे १९४८ चा मुंबईचा खार जमीन कायदा आला, मग १९७९ चा महाराष्ट्राचा. बांधांचे मोठे काम सरकारकडे गेले ते योग्यच झाले; एवढा खर्च गावाला पेलणारा नव्हता. मात्र त्याबरोबर बांध ‘खात्याचा’ झाला. आज काही योजना शासकीय आहेत, काही खाजगी. खांड पडली की ती कोणाच्या हद्दीत आहे, इथूनच चर्चा सुरू होते. बांधावर रोज नजर ठेवण्याची जुनी शिस्त ज्यांच्या अंगात होती ती पिढी थकली आणि पुढच्या पिढीला ती शिकवण्याची जबाबदारी कोणत्याच खात्यावर टाकलेली नाही.

खात्यांचे तुकडे कसे पडले आहेत ते आपल्याला माझ्याहून अधिक ठाऊक आहे. प्राथमिक शाळा, कृषी विभाग आणि छोटी जलसंधारणाची कामे आपल्याकडे. खारभूमीची कामे जलसंपदा विभागाकडे. तिवरांचे रक्षण वन विभागाच्या २०१२ मध्ये स्थापन झालेल्या कांदळवन कक्षाकडे. खारजमिनीवरचे संशोधन दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या पनवेल येथील केंद्राकडे. खारे पाणी सोसणारे ‘पनवेल-१’, ‘पनवेल-२’, ‘पनवेल-३’ हे भाताचे वाण तिथलेच. मुले ज्या शेतातून चालत शाळेत येतात त्यात यांतला एखादा वाण लावलेला असू शकतो, आणि तो कोणी, कशासाठी काढला हे शाळेत कोणी सांगत नाही.

समन्वयाच्या अभावाची सर्वांत मोठी किंमत तिवरांच्या वादात मोजावी लागते. खांड वेळेवर बुजली नाही की भरतीचे पाणी शेतात ये-जा करू लागते आणि काही वर्षांत तिथे तिवरे उभी राहतात. सातबाऱ्यावर भातशेती, जागेवर कांदळवन. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये अंतरिम आदेशाने आणि २०१८ मध्ये अंतिम निकालाने कांदळवनाच्या तोडीवर कडक बंदी घातली, त्यामुळे ते शेत पुन्हा शेत होणे फार अवघड. शेतकरी म्हणतो, तिवरांनी माझे शेत खाल्ले. वन खाते म्हणते, कांदळवनाला हात लावू नका. बांधाबाहेरची तिवरे लाटांचा मार अंगावर घेतात आणि बांधच वाचवतात, म्हणजे दोघांचा शत्रू एकच आहे: वेळेवर न बुजलेली खांड. शाळेत मात्र कांदळवनावर निबंध होतो आणि त्याच मुलाच्या घरी जेवताना तिवरांना शिव्या बसतात. दोन्ही बाजू एका पाठात मांडल्या नाहीत तर मुलाला शाळेतला पर्यावरणाचा धडा खोटा वाटतो. त्यात मुलाची चूक नाही.

मग नेमके करायचे काय?

पहिले काम नोंदीचे. बांधाआतल्या प्रत्येक शाळेला क्षारता मोजणारे, हातात मावणारे एक यंत्र द्या. ठरलेल्या चार-पाच शेतांतून महिन्यातून एकदा मूठभर माती आणायची, वाळवायची, ठरलेल्या मापाने पाण्यात ढवळायची, निवळली की यंत्र बुडवून आकडा वहीत लिहायचा. मे महिन्यात मीठ वर चढलेले दिसेल, श्रावणात उतरलेले. दोन-तीन वर्षांत कोणत्या बाजूने खारे पाणी झिरपते ते वहीच सांगेल. पद्धत पनवेलच्या केंद्राने ठरवून द्यावी आणि शिक्षकांना एकदा शिकवावी. अशा नेटाच्या मोजमापाचे अलिबागला वावडे नाही. इथल्या चुंबकीय वेधशाळेत १९०४ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी ठेवल्या जात आहेत.

दुसरे काम पाठाचे. तिसरीचे ‘परिसर अभ्यास’ बालभारतीने जिल्हावार काढले होते, म्हणजे जिल्ह्याचा स्वतंत्र पाठ्यांश ही कल्पना सरकारला मान्य आहे. त्याला जोडून खारेपाटाची एक छोटी पुस्तिका काढा. तीत उघाडी, रहू पद्धतीची (मोड आलेले बी फेकून केलेली) पेरणी, घराशेजारच्या तळ्यातला जिताडा मासा, राता भाताचे जुने वाण आणि बांधावर आयुष्य घालवलेल्या माणसांच्या मुलाखती असाव्यात. मुलाखती मुलांनीच घ्याव्यात.

तिसरे पाण्याचे. खारेपाटात पावसाळ्यात चहूकडे पाणी असते आणि उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्यासाठी वणवण. १०० चौरस मीटरच्या शाळेच्या छपरावर ३००० मिलिमीटर पावसात ३ लाख लिटर पाणी पडते. त्यातला छोटा वाटा टाकीत साठवला तरी उन्हाळ्यात शाळेपुरती सोय होईल. हा हिशोब पाचवीच्या मुलांकडून फळ्यावर करून घ्या आणि त्याच वर्षी ती टाकी बांधा. हिशोब झाला, टाकी आली नाही, असे झाले तर मुले दुसराच धडा शिकतील.

चौथे, सगळ्यांचे मिळून एक वेळापत्रक. मार्च-एप्रिलमध्ये शेतकरी, खारभूमीचे अभियंते, वन कर्मचारी आणि शिक्षक यांनी बांधाची एकत्र पाहणी करावी आणि दुरुस्तीची यादी ग्रामसभेत ठेवावी. पावसाळ्यात नोंदी. भात कापून झाले की वरच्या डोंगराळ गावांत वनराई बंधारे. रिकाम्या सिमेंटच्या गोण्यांत माती भरून ओढा अडवण्याची ही रीत रायगडला परकी नाही. ‘वनराई’चे मोहन धारिया महाड तालुक्यातल्या नातेगावचे. शाळा, कृषी विभाग आणि ग्रामपंचायत एका कामावर एकत्र येऊ शकतात हे या बंधाऱ्यांवर दिसतेच. तोच मेळ आता खाली खाडीपर्यंत आणायचा आहे.

शिक्षक म्हणतील, आधीच उपक्रमांचा डोंगर आहे. त्यांचे बरोबर आहे. म्हणून हे काम वाढीव म्हणून देऊ नका. हरित सेना, ‘माझी वसुंधरा’ आणि दिनविशेषांचे अहवाल या एकाच कामातून मान्य करा आणि तेवढी फेऱ्या-घोषवाक्यांची सक्ती कमी करा. मुलांना बांधावर नेताना ओहोटीची वेळ आणि सोबत मोठी माणसे हा नियम लेखी असू द्या. आणि एक खबरदारी: बांधाची दुरुस्ती मुलांच्या श्रमदानावर ढकलली जाता कामा नये. ते खात्याचे काम आहे. मुलांनी पाहायचे, मोजायचे, विचारायचे.

हे सारे सवड होईल तेव्हा करू, असे म्हणण्याइतका वेळ राहिलेला नाही. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आले आणि श्रीवर्धनच्या नारळी-पोफळी आडव्या करून गेले. समुद्राची पातळी वाढते आहे. उद्याच्या उधाणांपुढे आजच्या उंचीचे बांध किती टिकतील हा प्रश्न आज तिसरीत असलेल्या मुलांना सोडवायचा आहे.

आपणास विनंती अशी: जिल्हाधिकाऱ्यांशी बोलून पेण किंवा अलिबाग तालुक्यातला एक खारबांध निवडा. त्यासाठी नाव जाहीर केलेला एक जबाबदार अधिकारी नेमा, वर सांगितलेल्या चारही यंत्रणांची पहिली बैठक त्याच बांधावर घ्या आणि वर्षाअखेर शाळांच्या नोंदी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. शेजारची गावे त्या वाचून आपापली मागणी घेऊन आपल्याकडे येतील. तेव्हा त्यांना निधी नाही असे सांगू नका.

कळावे,
आपला,
खारेपाटातला एक रहिवासी